गिटार सुरात लावताही न येणाऱ्या रेडिओ मेकॅनिकचा अ‍ॅम्प आज जगभरातले लोक घरी बसून जोडतात

यूट्यूबवर असा एखादा व्हिडिओ तुमच्यासमोर आला असेल. टेबलावर एक लोखंडी डबा उलटा ठेवलेला. बाजूला सुती कापडाचं वेष्टण असलेल्या वायरी, दोन जड ट्रान्सफॉर्मर, मूठभर रेझिस्टर आणि काचेच्या तीन नळ्या. एक माणूस सोल्डरिंग गन घेऊन तासन्‌तास काहीतरी जोडत बसलाय. शेवटी तो गिटारची वायर खुपसतो, बटण फिरवतो, नळ्यांच्या पोटात नारिंगी उजेड दिसायला लागतो आणि छोट्याशा स्पीकरमधून असा आवाज येतो की बघणाऱ्याने कान टवकारावेत.

हे असतं गिटार अ‍ॅम्प्लिफायरचं किट. सुटे भाग विकत घ्यायचे आणि घरी जोडायचे. यातली सगळ्यात लोकप्रिय किट्स ज्या सर्किटवर बनतात, ती १९५० च्या दशकातली आहेत. मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून हवा तो आवाज काढता येतो अशा काळात माणसं सत्तर वर्षांपूर्वीचं सर्किट रेघ न रेघ तसंच जोडत बसतात.

हे सर्किट ज्याच्या कारखान्यातून बाहेर पडलं, तो माणूस इंजिनिअर नव्हता. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही कोर्स त्याने केला नव्हता. शिक्षण अकाउंटिंगचं. आणि ज्या वाद्यासाठी त्याने आयुष्य घातलं, ती गिटार त्याला वाजवता तर सोडाच, सुरात लावताही येत नव्हती.

त्याचं नाव लिओ फेंडर.

पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जन्म १० ऑगस्ट १९०९, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, फुलर्टन आणि अ‍ॅनाहाइम या गावांच्या मध्ये. आज हा सगळा भाग लॉस एंजेलिसच्या पसाऱ्यात मिसळून गेलाय, पण तेव्हा तिथे संत्र्यांच्या बागा होत्या. लिओच्या आईवडिलांचीही अशीच बाग होती आणि पोराचा जन्म झाला तो शेतावरच्या गोठावजा कोठारात. म्हणजे घराणं शेतकऱ्याचं.

आठव्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच कारणाने त्याला सैन्यात घेतलं नाही.

लहानपणी पियानो शिकून झाला, मग सॅक्सोफोन. दोन्हींत मन रमलं नाही. मन रमलं ते एका खोक्यात.

झालं असं की, लिओचा एक मामा होता, जॉन वेस्ट. सांता मारिया गावात त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना या मामाने त्याला एक खोकं पाठवलं. आत काय, तर गाड्यांच्या रेडिओतले काढून टाकलेले सुटे भाग आणि एक बॅटरी. पुढच्या वर्षी लिओ मामाच्या दुकानात गेला. तिथे मामाने भंगारातल्या भागांतून स्वतः जोडलेला एक रेडिओ दुकानाच्या दर्शनी बाजूला ठेवला होता आणि त्यातून मोठ्ठ्या आवाजात गाणं सुरू होतं. तो आवाज पोराच्या डोक्यात बसला तो कायमचा. थोड्याच दिवसांत तो घरच्या घरी लोकांचे रेडिओ दुरुस्त करायला लागला.

आज किट घेणारा माणूसही खोकंच उघडतो. फरक एवढाच की त्याच्या खोक्यात काय कुठे लावायचं याचा नकाशा असतो. लिओच्या खोक्यात तो नव्हता.

एवढी आवड असूनही गडी शिकला मात्र अकाउंटिंग. १९२८ मध्ये हायस्कूल संपलं, मग फुलर्टनच्याच ज्युनिअर कॉलेजात हिशेबाचा अभ्यास. त्यानंतर अ‍ॅनाहाइममधल्या एका बर्फ आणि शीतगृहाच्या कंपनीत नोकरी लागली. आधी माल पोचवण्याचं काम, मग खतावणी लिहिण्याचं. याच दिवसांत एका स्थानिक बँडवाल्याने त्याला नाचाच्या कार्यक्रमांसाठी माइक-स्पीकरची यंत्रणा बनवून मागितली. लिओने अशा सहा यंत्रणा बनवल्या.

१९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की हिच्याशी लग्न झालं. राज्याच्या रस्ते खात्यात हिशेबनिसाची सरकारी नोकरीही मिळाली. पण हा मंदीचा काळ होता. त्याची जागाच रद्द झाली. मग एका टायर कंपनीत हिशेब लिहायला लागला, तर सहा महिन्यांत तिथूनही बाकीच्या हिशेबनिसांसोबत बाहेर काढलं.

दोनदा घरी बसलेल्या माणसाने तिसरी नोकरी शोधली नाही. १९३८ मध्ये त्याने ६०० डॉलर उसने घेतले, फुलर्टनला परत आला आणि पाटी लावली, फेंडर रेडिओ सर्व्हिस.

दुकानात रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेयर यायचे. पण त्यासोबत वाजवणारे लोकही यायला लागले. त्या काळी दक्षिण कॅलिफोर्नियात नाचाचे मोठमोठे हॉल होते. दुष्काळाने ओक्लाहोमा, टेक्सासकडून हजारो कुटुंबं कामाच्या शोधात इकडे आली होती आणि सोबत त्यांचं गावाकडचं संगीतही आलं होतं. दुसरीकडे हवाईयन स्टील गिटारची, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारची, मोठी लाट होती. गर्दीच्या हॉलमध्ये साध्या गिटारचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायचाच नाही. त्यामुळे इलेक्ट्रिक पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर लागायचा. आणि ते अ‍ॅम्प्लिफायर सारखे बिघडायचे.

बिघडले की यायचे लिओच्या टेबलावर.

हा भाग नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं इथून निघतं. लिओ अ‍ॅम्प्लिफायरकडे वाजवणाऱ्याच्या नजरेने बघत नव्हता, कारण तो वाजवणारा नव्हताच. तो बघायचा दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने. कुठला सांधा सुटतो, कुठला भाग तापून जळतो, गाडीच्या डिकीत आदळआपट झाली की काय तुटतं, आणि एखादा भाग बदलायला आणखी किती भाग काढावे लागतात, हे त्याला रोज दिसत होतं.

दुकानात येणाऱ्यांत एक होता डॉक कॉफमन. वाजवणाराही आणि उचापती शोधकही. रिकनबॅकर कंपनीसाठी त्याने काम केलं होतं. दोघांची जोडी जमली. दोघांनी मिळून रेकॉर्ड आपोआप बदलणारं एक यंत्र तयार केलं आणि त्याची रचना ५,००० डॉलरला विकली. त्या पैशांतून उभी राहिली के अँड एफ कंपनी. के म्हणजे कॉफमन, एफ म्हणजे फेंडर. माल काय, तर मांडीवरच्या स्टील गिटार आणि त्यासोबत छोटे अ‍ॅम्प्लिफायर.

पण १९४६ मध्ये कॉफमन बाहेर पडला. धंदा वाढवायचा म्हणजे कर्ज काढावं लागणार आणि मंदी बघितलेल्या माणसाला कर्जाची भीती वाटत होती. मंदी लिओनेही बघितली होती, नोकऱ्या त्याच्याही गेल्या होत्या, तरी तो थांबला नाही. फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी या नावाने त्याने एकट्याने काम सुरू केलं. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली. एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरीला होती आणि तिच्या पगारावर घर तर चालायचंच, पण कंपनीलाही टेकू मिळायचा.

आता वळूया त्या काचेच्या नळ्यांकडे.

आपल्याकडे ज्यांनी आजोबांचा जुना रेडिओ बघितलाय त्यांना व्हॉल्व्ह हा शब्द माहीत असेल. रेडिओ लावला की लगेच आवाज यायचा नाही, आधी व्हॉल्व्ह तापावे लागायचे. तेच हे. इंग्लंडकडे व्हॉल्व्ह म्हणतात, अमेरिकेत ट्यूब. आतली हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत एक भाग तापवला जातो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धावतात. वाटेत एक बारीक जाळी असते. जाळीला गिटारचा क्षीण सिग्नल दिला की त्याच्या चढउताराप्रमाणे इलेक्ट्रॉनचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो. धरणाच्या दरवाजासारखं. दरवाजा हलवायला ताकद कमी लागते, पण त्याने अडवलेलं आणि सोडलेलं पाणी प्रचंड असतं.

या नळ्यांच्या जागी आलेला ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरमध्ये बेल लॅबमध्ये जन्माला आला. म्हणजे लिओ आपला धंदा ज्या तंत्रावर उभा करत होता, त्या तंत्राला निवृत्त करणारा त्याच सुमारास तयार होत होता.

लिओचे पहिले अ‍ॅम्प लाकडाच्या उघड्या खोक्यातले होते. मग १९४० चं दशक संपता संपता पिवळसर रंगाच्या कापडाने मढवलेली खोकी आली. या कापडाला सगळं जग ट्वीड म्हणतं. खरं तर ते ट्वीड नाहीच, त्या काळी प्रवासाच्या सुटकेसना लावायचं जाड सुती कापड आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

या ट्वीड घराण्यातलं सगळ्यात धाकटं पोर म्हणजे चॅम्प. शिकाऊ पोरांसाठी बनवलेला स्वस्तातला अ‍ॅम्प. आज पहिल्यांदा किट जोडणारा माणूस बहुतेक वेळा यालाच हात घालतो. त्याच्या गाजलेल्या सर्किटचं नाव ५एफ१. या नावात गूढ काही नाही. ५ म्हणजे पन्नासचं दशक, १ हा मॉडेलचा क्रमांक आणि एफ म्हणजे त्या सर्किटची कितवी सुधारित आवृत्ती ते. म्हणजे एफपर्यंत येईस्तोवर लिओने ए, बी, सी करत किती वेळा त्यात बोटं घातली असतील ते बघा.

या चॅम्पमध्ये फक्त तीन नळ्या. १२एएक्स७ नावाची छोटी नळी, जिच्या पोटात दोन वेगळे विभाग असतात आणि दोन्ही मिळून सिग्नल टप्प्याटप्प्याने वाढवतात. मग ६व्ही६, जी स्पीकर हलवण्याइतकी ताकद देते. आणि ५वाय३, जिचा संगीताशी थेट संबंध नाही, ती फक्त एसी विजेचं डीसी करून देते. ताकद जेमतेम पाच वॅट. बाहेर बटण एकच, आवाजाचं. चालू-बंद करायचं तेही त्याच बटणाने. टोन वगैरे काही नाही.

एवढ्याशा यंत्रात शोध असा काय होता? खरं सांगायचं तर सर्किट म्हणून फारसा नव्हता. नळ्या बनवणाऱ्या कंपन्या तेव्हा माहितीपुस्तकं काढायच्या आणि त्यांत नमुन्याची सर्किट्स छापलेली असायची. लिओची सर्किट्स त्यांच्या फार जवळची आहेत. त्याच्या अ‍ॅम्पच्या आत चिकटवलेल्या कागदावर तर वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि एटी अँड टी यांच्या पेटंटचा परवाना घेतल्याचंही छापलेलं असायचं.

लिओची खरी करामत मांडणीत होती.

त्याआधी बऱ्याच रेडिओ-अ‍ॅम्पच्या पोटात सगळे भाग थेट नळ्यांच्या सॉकेटवर, एकमेकांना लटकवून सोल्डर केलेले असायचे. वरून बघितलं तर पक्ष्याचं घरटं. लिओने काय केलं, जाड फायबरची एक पट्टी घेतली, तिच्यावर ओळीने धातूच्या पोकळ खिळ्यांसारखी छिद्रं बसवली आणि सगळे रेझिस्टर-कपॅसिटर त्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे शेजारी शेजारी लावले. ही पट्टी बाहेर टेबलावर आधी तयार करायची आणि मग डब्यात बसवून तिच्यातून निघालेल्या वायरी सॉकेटना जोडायच्या. एखादा भाग गेला की तो समोरच दिसतो. तेवढाच काढा, नवा लावा, काम संपलं.

सोबत कंपनी दोन नकाशे तयार करायची. एक नेहमीचा सर्किटचा, जो शिकलेल्याला कळतो. दुसरा मांडणीचा, ज्यात प्रत्येक भाग प्रत्यक्षात कुठे बसतो आणि कुठली वायर कुठून कुठे जाते ते चित्रासारखं दाखवलेलं. हा दुसरा नकाशा समजायला इलेक्ट्रॉनिक्स येण्याची गरज नाही. चित्र बघा आणि तसंच करा.

कारखान्यात ही जोडणी करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, त्यांतल्या कित्येक मेक्सिकन वंशाच्या. काम झालं की त्या कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर आपलं पहिलं नाव लिहून तो अ‍ॅम्पच्या आत चिकटवायच्या. आजही कुणी जुना फेंडर उघडला की आत पट्टीवर एखादं नाव सापडतं आणि जुन्या अ‍ॅम्पचे शौकीन त्या अक्षराकडे सही बघावी तसे बघतात.

दुरुस्तीवाल्याचे कष्ट वाचावेत आणि कारखान्यात नवीन माणसाला काम पटकन जमावं म्हणून केलेल्या या दोन गोष्टींमुळेच आज घरी बसलेल्या हौशी माणसाला हा अ‍ॅम्प जोडता येतो. मांडणीचा तो नकाशा किटसोबत आजही जवळपास तसाच येतो.

जोडायचं कसं? आधी पट्टी भरायची. प्रत्येक रेझिस्टर लावण्यापूर्वी मीटरवर मोजायचा, कारण रंगीत पट्टे वाचण्यात चूक होतेच. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची उलटसुलट बाजू बघायची, कारण तो उलटा लागला तर फुटतो. मग ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेट डब्यात कसायचे. नळ्या तापवणाऱ्या वायरी एकमेकींना पीळ देऊन कडेकडेने न्यायच्या, नाहीतर स्पीकरमधून सतत गुणगुण येते. भारतात कुणी असं किट मागवणार असेल तर ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर चालणारा आहे ना हे आधी बघावं लागतं, कारण अमेरिकेत घरात १२० व्होल्ट असतात.

इथपर्यंत मजा आहे. यानंतर मात्र जिवाशी खेळ आहे आणि हे कुणी हलक्यात घेऊ नये.

चॅम्पसारख्या लहानशा अ‍ॅम्पच्या आतही तीनशेच्या पुढे डीसी व्होल्ट असतात. प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये तो साठा काही काळ राहतो. म्हणून आत हात घालण्याआधी रेझिस्टर लावून तो साठा उतरवतात, मीटरने मोजून खात्री करतात आणि चालू अ‍ॅम्पमध्ये मोजमाप घेताना एक हात खिशात ठेवतात, म्हणजे करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाणार नाही. पहिल्यांदा वीज देताना नळ्या लावतच नाहीत. आपले इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज लॅम्प मध्ये जोडतात. बल्ब लखलखीत पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, मंद राहिला तर पुढे जायचं. लिओच्या काळी प्लगला दोनच पिना असायच्या. आजच्या किटमध्ये तिसरी, अर्थिंगची पिन असते आणि ती डब्याला घट्ट कसलेली असावी लागते. ज्याने कधी मीटर हातात धरलेला नाही त्याने जाणत्या माणसाला शेजारी बसवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

सगळं नीट झालं आणि चालू केल्यावर अ‍ॅम्प कर्कश किंचाळला, तर घाबरायचं कारण नसतं. स्पीकरकडचा थोडा सिग्नल मागे पाठवून आवाज स्वच्छ ठेवण्याची सोय या सर्किटमध्ये आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी उलट लागल्या की हीच सोय उलटी चालते. अ‍ॅम्प बंद करायचा, साठा उतरवायचा, वायरी बदलायच्या, की किंचाळणं थांबतं. पहिलं किट जोडणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हे येतं.

स्वच्छ आवाजाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. लिओला आवाज स्वच्छच हवा होता. आवाज फाटला की त्याला ती यंत्राची चूक वाटायची. त्याला आवडायचं ते गावाकडच्या संगीतातलं लख्ख, घंटेसारखं वाजणारं स्टील गिटार. दर आवृत्तीत तो ताकद वाढवत गेला ती आवाज फाटू नये म्हणून. पण वाजवणाऱ्या पोरांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. पाच वॅटचा अ‍ॅम्प तेवढ्या ताणाला पुरा पडेना, नळ्या दमल्या आणि आवाज खरखरीत, जाडसर होऊन फाटला. पोरांना नेमका तोच आवडला. नील यंग आजही १९५९ च्या ट्वीड डिलक्समधून तसाच फाटका आवाज काढतो. म्हणजे जे घालवण्यासाठी लिओ रात्रंदिवस खपला, तेच मिळवण्यासाठी आज लोक किट जोडतात.

गिटारच्या बाजूची त्याची कामगिरी तर सगळ्यांना माहीत आहे. १९५० मध्ये ब्रॉडकास्टर आली. ग्रेच कंपनीने आपल्या ड्रमचं नाव तेच असल्याची हरकत घेतल्यावर १९५१ मध्ये तीच टेलिकास्टर झाली. त्याच वर्षी प्रिसिजन बेस आला आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. जिमी हेंड्रिक्सच्या हातात दिसते ती हीच. जॉर्ज फुलर्टन, फ्रेडी तव्हारेस हे सहकारी सोबत होते, विक्रीची बाजू डॉन रँडल सांभाळायचा, कारखाना फॉरेस्ट व्हाइट. इथेही दुरुस्तीवाल्याची नजर दिसते. गिटारची मान चार स्क्रूंनी जोडलेली. खराब झाली तर काढा आणि दुसरी लावा.

स्वतःला वाजवता येत नसल्याचा लिओला एक फायदा झाला. त्याने स्वतःच्या आवडीवर विश्वास ठेवलाच नाही. नवा नमुना तयार झाला की तो स्थानिक वादकांना देऊन टाकायचा, त्यांना तो कार्यक्रमात वाजवायला लावायचा आणि तक्रारी ऐकायचा. कधी कधी तर कार्यक्रम सुरू असतानाच स्टेजवर जाऊन अ‍ॅम्पमध्ये डोकं घालायचा.

या वादकांतला सगळ्यात त्रासदायक म्हणजे डिक डेल. सर्फ संगीताचा हा बादशहा बाल्बोआच्या रँदेव्हू बॉलरूममध्ये हजारोंच्या गर्दीसमोर इतक्या जोरात वाजवायचा की लिओने दिलेले अ‍ॅम्प एकामागून एक जळायचे. डेलच्या सांगण्याप्रमाणे अशा जळालेल्या अ‍ॅम्पची संख्या काही डझनांत होती. दुकानात लिओला अडचण कळेना. शेवटी तो आणि तव्हारेस स्वतः बॉलरूममध्ये जाऊन गर्दीत उभे राहिले, तेव्हा कळलं. हजारो माणसांची शरीरं आवाज गिळून टाकत होती. मग मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आला, जेबीएलचा दणकट पंधरा इंची स्पीकर आला आणि शोमन नावाचा अ‍ॅम्प तयार झाला.

तिकडे समुद्रापार लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचा ड्रम शिकवणारा माणूस वाद्यांचं दुकान चालवत होता. फेंडरचे अ‍ॅम्प इंग्लंडमध्ये फार महाग पडायचे. १९६२ मध्ये त्याच्या माणसांनी फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पचं ५एफ६-ए सर्किट समोर ठेवलं, मिळतील ते इंग्लंडचे भाग वापरले आणि पहिला मार्शल बनवला. रॉकच्या स्टेजवर मागे भिंतीसारखे रचलेले काळे स्पीकर दिसतात, त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे लिओचा बेसमन. तो बनवला होता बेस गिटारसाठी, गाजला साध्या गिटारवर.

धंदा असा जोरात असताना लिओचं शरीर साथ सोडत होतं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्याला सायनसचा स्ट्रेप्टोकॉकल संसर्ग झाला. औषधं झाली, पण तो जाईना. वर्षानुवर्षं अंगात मुरला. साठचं दशक उजाडेपर्यंत लिओच्या मनाने घेतलं की आपण आता फार जगत नाही. कंपनीची व्यवस्था लावून मोकळं व्हावं म्हणून त्याने डॉन रँडललाच ती घेतोस का विचारलं आणि दीड मिलियन डॉलरचा आकडा सांगितला, असं सांगितलं जातं. रँडलने त्यापेक्षा मोठं गिऱ्हाईक शोधलं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १३ मिलियन डॉलरला घेतली. ६०० डॉलर उसने घेऊन सुरू केलेल्या दुकानाला २७ वर्षं झाली होती.

सौद्यात कारखाना गेला, सर्किट्स गेली आणि स्वतःचं आडनावही गेलं. दहा वर्षं स्पर्धक कंपनी काढायची नाही ही अटही होती.

आणि मग लिओने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरच्या उपचाराने तो बरा झाला. ठणठणीत.

वय साठीच्या आतबाहेर, हातात रग्गड पैसा, तब्येत उत्तम आणि ज्याच्यासाठी सकाळी उठायचं ते काम दुसऱ्याच्या मालकीचं. काही वर्षं तो सीबीएसचा सल्लागार राहिला, पण तिथे त्याचं फारसं कुणी ऐकत नव्हतं. सीबीएसला आता नळ्या जुनाट वाटत होत्या. १९६६ मध्ये त्यांनी ट्रान्झिस्टरवर चालणारे अ‍ॅम्प आणले. ते बाजारात सपशेल आपटले. फॉरेस्ट व्हाइटने त्या मालाला आपली संमती द्यायला नकार दिला आणि नोकरी सोडली. जुने वादक सीबीएसच्या आधीचा फेंडर असा शब्दप्रयोग करायला लागले, आणि आजही जुन्या बाजारात किंमत त्यावरूनच ठरते.

लिओ घरी बसणाऱ्यांतला नव्हता. व्हाइट आणि टॉम वॉकर यांनी काढलेल्या कंपनीत त्याने गाजावाजा न करता पैसे घातले. अट संपल्यावर १९७५ मध्ये तो तिचा अध्यक्ष झाला. हीच म्युझिक मॅन. तिचा १९७६ चा स्टिंगरे बेस आजही वाजतो. तिच्या अ‍ॅम्पमध्ये पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा होता, पण शेवटची ताकद देणाऱ्या नळ्या कायम होत्या. पुढे भागीदारांत बिनसलं. १९७९ मध्ये एस्थर कॅन्सरने गेली. त्याच सुमारास सत्तरीच्या लिओने जुना सोबती जॉर्ज फुलर्टनला घेऊन जी अँड एल सुरू केली. जॉर्ज आणि लिओ, एवढाच नावाचा अर्थ. गिटारवर फेंडर हे नाव लावायची त्याला परवानगी नव्हती, पण ज्या रस्त्यावर हा कारखाना होता त्याचं नाव मात्र फेंडर अ‍ॅव्हेन्यू होतं.

१९८० मध्ये त्याने फिलिस नावाच्या स्त्रीशी दुसरं लग्न केलं. सीबीएसनेही अखेर हात टेकले आणि १९८५ मध्ये फेंडर कंपनी तिथल्याच लोकांच्या गटाला १२.५ मिलियन डॉलरला विकली. म्हणजे वीस वर्षांपूर्वी घेतली त्याहून कमी भावाने. लिओ तोपर्यंत पार्किन्सनने ग्रासला होता, मेंदूला लहानसहान झटकेही येऊन गेले होते. तरी तो कारखान्यातल्या आपल्या खोलीत येत राहिला. पिकअप, स्क्रू, ब्रिज, काहीतरी सुधारत राहिला.

२१ मार्च १९९१ रोजी लिओ फेंडर गेला. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं आणि ते पुकारायला उभा होता रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स. जी अँड एलच्या कारखान्यातली लिओची खोली पुढे कित्येक वर्षं तो सोडून गेला तशीच ठेवली होती. टेबल, हत्यारं आणि अर्धवट राहिलेली कामं.